‘नाहीं’ आणि ‘आढळत नाहीं’

एखादी गोष्ट नाहीं असें सांगणें निराळें, आणि ती आढळत नाहीं असें सांगणें निराळें. बोलण्याच्या ओघांत या दोन वाक्यांतील भेद सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ‘घरांत साखर नाहीं’ असें गृहिणी म्हणते, तेव्हां डबा उघडून पाहिला आणि साखर दिसली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ असतो. आणि तो व्यवहाराला पुरतोहि. परंतु न्यायकचेरींत, जमिनीच्या दप्तरांत आणि अलीकडे संगणकाच्या स्मरणकोठींत याच भेदावर कोणाचें शेत राहील व कोणाचें जाईल, हें ठरूं शकतें. म्हणूनच या एका शब्दानें प्राचीन मीमांसकांना गुंतविलें, इंग्रजी अमदानींतील कायदेपंडितांना गुंतविलें, आणि गेल्या पन्नास वर्षांत संगणकाला ज्ञान शिकवूं पाहणाऱ्या गणितज्ञांनाहि त्यानेंच सर्वांत अधिक गुंतविलें आहे.

ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत म्हसा या गांवीं पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते व तिच्याबरोबर जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथें बैल घ्यावयास आलेला शेतकरी न्यायशास्त्र शिकलेला नसतो; पण त्याची परीक्षा न्यायशास्त्राला धरूनच चालते. तो बैलाचा जबडा उघडतो. पक्के दांत आलेले नसले तर बैल आदत, दोन आले असले तर दुसा, चार आले असले तर चौसा. दिवसाच्या उजेडांत जबडा उघडा आहे, डोळे शाबूत आहेत. पक्का दांत असता तर तो दिसलाच असता. दिसत नाहीं, म्हणून तो नाहीं, हा निर्णय येथें पक्का आहे. पण ‘हा बैल मारका नाहीं’ असें विकणारा सांगूं लागला, तर तोच शेतकरी मान हलवील. दावणीला बांधलेला बैल घटकाभरांत शिंग उगारीत नाहीं, यावरून त्याचा स्वभाव कळत नाहीं. मारका असला तरी तो त्या घटकेला शांत उभा राहूं शकतो. येथें खोड ‘आढळली नाहीं’ इतकेंच म्हणतां येतें. दोन्ही ठिकाणीं पाहणारा एकच, न दिसणेंहि सारखेंच. पण एका ठिकाणीं त्यावरून अभाव सिद्ध होतो, दुसऱ्या ठिकाणीं होत नाहीं.

या भेदाला भारतीय दर्शनांत फार जुनें स्थान आहे. कुमारिलभट्टाच्या मतानुयायी मीमांसकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ति या पांच प्रमाणांपुढें ‘अनुपलब्धि’ हें सहावें प्रमाण मानलें. वस्तु न आढळणें हेंच तिच्या अभावाच्या ज्ञानाचें स्वतंत्र साधन, असा त्यांचा पक्ष. प्रभाकराच्या अनुयायांनीं तो मानला नाहीं. नैयायिकांनीं अभाव हा पदार्थ मानला. पण त्याचें ज्ञान प्रत्यक्षानेंच होतें, त्यासाठीं वेगळें प्रमाण नको, असें सांगितलें. बौद्ध आचार्य धर्मकीर्ति यानें अनुपलब्धीला अनुमानांतील हेतूचें स्थान दिलें आणि तिचे अकरा प्रकार केले. हे सर्व पक्ष एकमेकांशीं कडाडून भांडले. परंतु एका अटीविषयीं त्यांच्यांत एकवाक्यता दिसते. ती अट म्हणजे योग्यता. जी वस्तु तेथें असती तर आढळलीच असती, तिच्या न आढळण्यावरूनच अभाव ठरवावा. भूतलावर घट दिसत नाहीं, म्हणून घट नाहीं, हें योग्य. पिशाच्च दिसत नाहीं, म्हणून पिशाच्च नाहीं, हें या रीतीनें सिद्ध करतां येत नाहीं. कारण असतें तर दिसलें असतें, असें त्याच्याविषयीं म्हणतां येत नाहीं.

महाराष्ट्रांतील विद्वानांनीं हें शास्त्र अर्वाचीन वाचकांपुढें मांडण्यासाठीं मोठे कष्ट घेतले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति १८९७ सालीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत निघाली. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनीं सुधारून १९२८ सालीं पुण्याच्या भांडारकर संस्थेनें पुन्हां प्रसिद्ध केला. ‘तर्कसंग्रहां’त द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव असे सात पदार्थ सांगितले आहेत, आणि अभावाचे पुन्हां चार प्रकार केले आहेत. उत्पन्न होण्यापूर्वींचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, कधींच नसण्याचा तो अत्यंताभाव, आणि एक वस्तु दुसरी नसण्याचा तो अन्योन्याभाव. ‘नाहीं’ या एका शब्दांत किती निरनिराळे अर्थ दडलेले असतात, हें इतक्या बारकाईनें जगांतील फार थोड्या परंपरांनीं पाहिलें आहे.

याच्याच जोडीला वैयाकरणांनीं आणखी एक साधन सिद्ध केलें होतें. तें म्हणजे उत्सर्ग आणि अपवाद यांची व्यवस्था. सामान्य नियम सर्वत्र लागू. परंतु विशेष नियम आला कीं त्यानें सामान्याला बाजूला सारावें. पाणिनीच्या सूत्रांत दोन नियम एकाच ठिकाणीं प्राप्त झाले असतां कोणता बलवत्तर मानावा, याचे दंडक अठराव्या शतकांत काशीला राहिलेल्या नागोजीभट्टानें ‘परिभाषेंदुशेखरां’त एकत्र केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील अध्यापक कीलहॉर्न यांनीं तो ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह १८६८ ते १८७४ या काळांत छापून प्रसिद्ध केला. त्या दंडकांत अपवादाचें बळ सर्वांत अधिक मानलें आहे. या व्यवस्थेचें मर्म असें, कीं सामान्य नियमानें काढलेला निर्णय हा कायमचा नसतो. नवी गोष्ट पुढें आली, अपवाद लागू झाला, कीं तो निर्णय मागें घ्यावा लागतो. आणि तरीहि आधींचा निर्णय अविचाराचा होता, असें म्हणतां येत नाहीं.

शास्त्रग्रंथांतील हा विचार कायद्यांत निराळ्या वाटेनें आला. हिंदुस्थानांत १८७२ सालीं झालेल्या पुराव्याच्या कायद्यानें सत्यासत्याविषयीं दोन नव्हे, तर तीन शब्द योजिले: ‘सिद्ध’, ‘खोटें ठरलेलें’ आणि ‘सिद्ध न झालेलें’. जें सिद्धहि नाहीं आणि खोटेंहि ठरलेलें नाहीं, तें तिसऱ्या वर्गांत गेलें. हा कायदा आतां राहिला नाहीं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली आहे. परंतु हे तीन शब्द नव्या कायद्यांतहि कायम आहेत. जुन्या कायद्याचें १०८ वें कलम तर योग्यानुपलब्धीचें उत्तम उदाहरण होतें. एखादा मनुष्य जिवंत असता तर ज्यांना त्याची वार्ता साहजिकच कळली असती, अशांना सात वर्षें त्याची वार्ता कळली नाहीं, तर तो जिवंत आहे हें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर पडे. ‘ज्यांना कळली असती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अनोळखी माणसांना सात वर्षें वार्ता नसली, तर त्यावरून कांहींच ठरत नाहीं.

जमिनीच्या दप्तराचा इतिहास याहून अधिक जवळचा आहे. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला, आणि १९१३ सालीं त्या तरतुदी जमीन महसुलाच्या १८७९ च्या कायद्यांत घालण्यांत आल्या. त्यांतील एका कलमाचा आशय असा: हक्कनोंदणींतील नोंद ही, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत अथवा तिच्या जागीं रीतसर नवी नोंद होईपर्यंत, खरी मानावी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें १५७ व्या कलमांत हेंच तत्त्व ठेविलें. वैयाकरणांच्या भाषेंत बोलावयाचें तर ‘नोंद खरी’ हा उत्सर्ग, आणि ‘विरुद्ध पुरावा’ हा अपवाद. मात्र या कलमाचा रोख जी नोंद आहे तिच्याकडे आहे. जी नोंद नाहीं तिच्याविषयीं तें मौन पाळतें. नोंद असली तर ती खरी मानावी, यावरून नोंद नसली तर हक्क नाहीं, असें निघत नाहीं. आणि नोंदीनें मालकी निर्माण होत नाहीं, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानेंहि वारंवार स्पष्ट केली आहे. असें असूनहि तलाठ्याच्या दप्तरापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत ‘सात-बाऱ्यावर नांव नाहीं’ आणि ‘जमिनीशीं संबंध नाहीं’ हीं दोन वाक्यें एकाच अर्थानें उच्चारलीं जातात. दप्तरांतील मौनाचा नकार होतो, तो असा.

या घोटाळ्याचें गांभीर्य १९४८ च्या कूळकायद्यांत स्पष्ट दिसतें. त्याच्या चौथ्या कलमानें असें ठरविलें, कीं दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणें कसणारा मनुष्य हा कूळ मानला जावा. मात्र ती जमीन मालक स्वतः कसत नसावा, आणि कसणारा हा मालकाच्या कुटुंबांतील नसावा, पिकाच्या वांट्याखेरीज अन्य वेतनावर राबणारा नोकर किंवा मालकाच्या देखरेखीखालचा मजूर नसावा, व कब्जेगहाणदारहि नसावा. एका वाक्यांत हे चार नकार आहेत. आतां अशी कल्पना करावी, कीं मालक कल्याणास राहतो, शेत मुरबाडकडे आहे, आणि एक मनुष्य तें वर्षानुवर्षें कसतो. तो मजुरीवर होता कीं नव्हता, याचा कागद कोणाकडेच नाहीं. ‘मजूर असल्याचें आढळत नाहीं, म्हणून मजूर नाहीं’ असें धरलें, तर तो कूळ ठरतो. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं त्याला मालक होण्याचा हक्क पोंचतो. ‘मजूर नसल्याचें सिद्ध झालें पाहिजे’ असें धरलें, तर तोच मनुष्य रिकाम्या हातानें घरीं जातो. कायद्याचें वाक्य तेंच, शेत तेंच, कसणारे हात तेच. बदलला तो फक्त ‘नाहीं’ या शब्दाचा अर्थ.

हा प्रश्न संगणकापुढें कसा आला, हें समजण्यासाठीं युरोपांतील तर्कशास्त्राकडे वळलें पाहिजे. जर्मन गणितज्ञ गॉटलोब फ्रेगे यानें १८७९ सालीं तर्काला बीजगणितासारखें चिन्हांचें रूप दिलें. त्यांतून जें तर्कशास्त्र वाढलें, त्यास आज अभिजात तर्कशास्त्र म्हणतात. त्याचे दोन गुण विशेष आहेत. पहिला असा, कीं अपुरें ज्ञान त्यांत प्रामाणिकपणें सांगतां येतें. ‘या दोन भावांपैकीं एकजण तरी शेत कसतो’, अथवा ‘या शेताला कोणीतरी वारस आहे’, हीं वाक्यें नांव न घेतांहि तेथें मांडतां येतात. जें सांगितलेलें नाहीं, तें नाहीं असें हें शास्त्र कधींच धरीत नाहीं. तें अनिश्चित राहतें. दुसरा गुण असा, कीं त्यांतील निष्कर्ष अढळ असतो. नवीं गृहीतें कितीहि आलीं, तरी आधीं निघालेला निष्कर्ष मागें घ्यावा लागत नाहीं. भूमितीला हा गुण हवाच. पण व्यवहाराला तो अडचणीचा होतो. कारण व्यवहार उत्सर्ग-अपवादानें चालतो, आणि अपवाद कळतांच निर्णय मागें घेणें हेंच तेथें शहाणपण असतें.

आणखी एक उणीव या शास्त्रांत आहे, आणि ती पटकन् ध्यानांत येत नाहीं. वंशज कोणास म्हणावें? मूल हें वंशज. आणि वंशजाचें मूल हेंहि वंशज. याखेरीज कोणीहि वंशज नाहीं. यांतील पहिलीं दोन वाक्यें अभिजात तर्कशास्त्राच्या नेहमींच्या भाषेंत सहज लिहितां येतात. तिसरें, ‘याखेरीज कोणीहि नाहीं’ हें वाक्य मात्र त्या भाषेंत यथार्थपणें सांगतां येत नाहीं, असें गणितानें सिद्ध झालें आहे. प्रत्येक वंशावळ, प्रत्येक वारसनोंद या तिसऱ्या वाक्यावर उभी असते. तें नसेल, तर कोणीहि परका येऊन वारस म्हणवून घेईल, आणि तर्कशास्त्र त्याला अडवूं शकणार नाहीं.

१९६५ सालीं जॉन अ‍ॅलन रॉबिन्सन यानें अनुमानाची अशी एकच रीत शोधली, कीं ती यंत्रानेंहि चालवितां यावी. त्या पायावर १९७२ च्या सुमारास फ्रान्समध्यें मार्सेय येथें अलें कोल्मेरॉअर आणि फिलिप रूसेल यांनीं ‘प्रोलॉग’ नांवाची संगणकाची भाषा तयार केली. रॉबर्ट कोवाल्स्की यानें तिच्यामागील विचार मांडला. त्याचें सार असें: ‘अमुक असेल तर तमुक’ हें वाक्य नुसतें विधान नसून, ती एक कृतीहि आहे. तमुक सिद्ध करावयाचें असेल, तर आधीं अमुक सिद्ध करावें. ज्ञान लिहिलें कीं तेंच कार्यक्रम झालें. या पद्धतींत वंशावळ सहज लिहितां येई. कारण लिहिलेल्या नियमांखेरीज दुसरें कांहीं नाहीं, हें तिच्यांत गृहीतच होतें. ‘नाहीं’ या शब्दाचा अर्थहि तीत सोपा होता. शोध घेतला, तो संपला, हातीं कांहीं आलें नाहीं, म्हणजे ती गोष्ट नाहीं. कीथ क्लार्क यानें १९७८ सालीं या रीतीचें शास्त्रीय समर्थन केलें. त्याच सालीं रेमंड रायटर यानें ‘बंद जगा’ची कल्पना मांडली: जें यादींत आहे तेवढेंच जग. एस्. टी. च्या वेळापत्रकांत रात्रीं बाराची गाडी लिहिलेली नाहीं, तेव्हां ती नाहींच. असें समजून प्रवासी घरीं झोपतो, आणि तें योग्यच करतो. वेळापत्रक पूर्ण असतें, ही त्यामागची योग्यता.

या पद्धतीचा कायद्याकडे उपयोग करण्याचा नामांकित प्रयोग लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत झाला. मारेक सर्गट, कोवाल्स्की आणि त्यांचे सहकारी यांनीं ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्वाचा कायदा नियमांच्या रूपानें संगणकांत उतरविला, आणि १९८६ सालीं तें काम प्रसिद्ध केलें. त्या कायद्यांत एक हृदयस्पर्शी कलम आहे. ब्रिटनमध्यें टाकून दिलेलें नवजात अर्भक सांपडलें, तर त्याच्याविरुद्ध दाखविलें जाईपर्यंत तें तेथेंच, नागरिकत्वाला पात्र अशा मातापित्यांच्या पोटीं जन्मलें, असें मानावें. मूल आपली साक्ष देऊं शकत नाहीं. म्हणून कायद्यानेंच सिद्धतेचा भार उलट बाजूवर टाकला. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे आपल्या हक्कनोंदणींतील शब्द आणि लंडनच्या कायद्यांतील हे शब्द सख्खे भाऊ आहेत. भारतांतहि या विषयाचें वारें त्याच वेळीं आलें. १९८६ सालीं ज्ञानाधिष्ठित संगणकप्रणालींचा राष्ट्रीय उपक्रम सुरूं झाला. त्यांतील एक केंद्र मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था ही होती. ११ ते १३ डिसेंबर १९८९ या दिवसांत याच विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईस भरली.

परंतु बंद जगाची मर्यादाहि लवकरच उघड झाली. तर्कशास्त्रज्ञ तिच्यासाठीं रेल्वेचा दाखला देतात. शहापूर तालुक्यांत कसाऱ्याच्या लोहमार्गाजवळ रूळ ओलांडावयाचे आहेत, अशी कल्पना करावी. ‘गाडी येत असल्याचें कळलेलें नाहीं, तर ओलांडावें’ हा एक नियम. आणि ‘गाडी येत नाहीं हें कळलें असेल, तर ओलांडावें’ हा दुसरा. धुक्याच्या पहाटे, कानांत कापूस घालून, पहिल्या नियमानें चालणाऱ्याची गति काय होईल, हें सांगावयास नको. जॉन मॅकार्थी याच्या नांवावर सांगितला जाणारा हा दाखला घेऊन मायकेल गेल्फाँड आणि व्लादिमीर लिफशिट्झ यांनीं १९९१ सालीं असें सुचविलें, कीं नियमांच्या भाषेंत दोन निरनिराळे नकार असावेत. एक ‘आढळत नाहीं’ या अर्थाचा, दुसरा ‘नाहीं असें ठरलें आहे’ या अर्थाचा. त्याआधीं १९८८ सालीं याच दोघांनीं, नियम एकमेकांच्या नकारावर अवलंबून असतील तर काय करावें, याचें उत्तर दिलें होतें. ‘थोरला कसतो असें आढळत नसेल, तर धाकटा कसतो, धाकटा कसतो असें आढळत नसेल, तर थोरला’ अशा नियमांना एकच उत्तर नसतें, दोन सुसंगत चित्रें निघतात, आणि तीं दोन्ही पुढें ठेवणें हेंच प्रामाणिक उत्तर होय.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं प्रश्न अधिक मोठा झाला. जगभरच्या माहितीचें जाळें संगणकांना कळावें, म्हणून पारिभाषिक शब्दांच्या कोशासारखी एक भाषा २००४ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली. ती अभिजात तर्कशास्त्रावर उभी होती. कारण जगाच्या जाळ्यांत एखादी गोष्ट सांपडली नाहीं, म्हणून ती नाहीं असें कोण म्हणेल? उलट बाजूस सरकारी नियम, अपवाद आणि याद्या यांना बंद जगाची भाषा हवी होती. दोन्ही एकत्र आणण्याचे प्रयत्न सुरूं झाले. बेंजामिन ग्रोसॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं दोन्ही भाषांना समान असा भाग निवडून काढला; पण तो फार लहान ठरला. दोन्ही भाषा पूर्णपणें मिसळाव्यात, तर दुसरेंच संकट उभें राहतें: संगणक विचार करीतच राहतो, आणि तो कधीं थांबेल याची शाश्वति राहत नाहीं. लेव्ही आणि रूसे यांनीं १९९८ मध्येंच हा धोका दाखविला होता. त्यावर निघालेला एक तोडगा मार्मिक आहे. नियम लागू करावयाचे ते नांवानें ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तींनाच. ‘कोणीतरी वारस आहे’ यांतील अनामिक वारसाला नव्हे. पुढें बोरिस मोतिक आणि रिकार्दो रोसाटी यांनीं २००७ पासून २०१० पर्यंत या कल्पनेला दृढ पाया दिला. त्यांच्या पद्धतींत ‘अमुक खरें आहे’ आणि ‘अमुक खरें असल्याचें ज्ञात आहे’ हीं दोन वाक्यें वेगवेगळीं लिहितां येतात.

बेल्जियमचे मार्क डेनेकर आणि युजिनिया टर्नोव्स्का यांनीं २००८ सालीं मांडलेला मार्ग याहून निराळा आहे, आणि शाळेंतल्या मुलालाहि समजेल इतका स्वाभाविक आहे. त्यांच्या मतें माहिती आणि व्याख्या या दोन वेगळ्या वस्तु आहेत. व्याख्या बंद असते: वंशज कोण, हें एकदां सांगितलें कीं त्याबाहेर कोणी नाहीं. माहिती मात्र उघडी राहते: कोण कोणाचें मूल, हें सगळें आपणांस ठाऊक असेलच असें नाहीं. व्याख्येसाठीं नियमांची रीत घ्यावी, माहितीसाठीं अभिजात तर्काची. दोहोंना आपापल्या जागीं ठेवावें. कूळकायद्याला ही दृष्टि लावली, तर चौथें कलम ही कूळ या शब्दाची एक व्याख्या ठरते. पण कसणारा मजूर होता कीं नव्हता, ही माहिती. आणि ती व्याख्येनें निर्माण होत नाहीं. ती उघडी आहे, हें कबूल करून सिद्धतेचा भार कोणावर, हें कायद्यानें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तर्कशास्त्र हा निर्णय देऊं शकत नाहीं. परंतु तो निर्णय द्यावा लागतो, तो न बोलतां कोणीतरी देऊन टाकीत असतो, ही गोष्ट तें लपूं देत नाहीं.

आज हा केवळ पंडितांचा विषय राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांतील सात-बाऱ्याचे उतारे संगणकांत आले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नोंद स्वतः भ्रमणध्वनीवरून करावी, अशीहि व्यवस्था राज्यभर सुरूं झाली. कागदाच्या दप्तरांत रकाना कोरा असला, तर निदान वाचणाऱ्याच्या मनांत शंका उभी राही: लिहावयाचें राहिलें असेल काय? जाणता तलाठी गांवांत फिरे, चार म्हाताऱ्यांना विचारी. संगणकांतील यादीला शंका येत नाहीं. तिला ‘कूळ दाखवा’ म्हटलें आणि यादींत कोणी नसलें, तर ती ‘कोणी नाहीं’ असें शांतपणें सांगते; आणि छापील उत्तराला हस्ताक्षरापेक्षां अधिक मान मिळतो. बंद जगाची समजूत यंत्रांत इतकी खोल बसलेली असते, कीं तें एक गृहीत आहे, याची आठवण वापरणारालाहि राहत नाहीं.

हें गृहीत कोणाला अधिक जाचतें, हें पाहण्यासाठीं मुरबाड-शहापूरच्या डोंगरउतारांवरील वाड्या-पाड्यांकडे पाहावें. येथें ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या. जंगलांतील वरकस जमिनींत नाचणी-वरी पिकविणाऱ्यांचें नांव पुष्कळदां कोणत्याच नोंदवहींत नसतें. कारण नोंदवह्या लिहिणारा तेथपर्यंत पोंचलेलाच नसतो. योग्यतेची अट येथें तुटते. दप्तर जर त्या उतारावर गेलेंच नाहीं, तर दप्तरांत नांव न आढळण्यावरून काय सिद्ध होणार? २००६ च्या वनहक्क कायद्यानें ही गोष्ट ओळखली. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन ताब्यांत असलेल्या आदिवासींच्या हक्काला त्यानें मान्यता दिली. आणि २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून सरकारी कागदांबरोबरच, दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसांचें लेखी घेतलेलें निवेदनहि मान्य केलें. दाव्याची पहिली तपासणी गांवच्या ग्रामसभेकडे सोंपविली. कोण कोठें कसत होता, हें दप्तराला ठाऊक नसलें तरी गांवाला ठाऊक असतें. तेव्हां न आढळण्याला खरा अर्थ कोठें असेल, तर तो गांवांत विचारल्यानंतर, हा त्यामागचा न्याय.

तरीहि जुनी संवय सुटली नाहीं. १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, ज्यांचे दावे फेटाळले गेले होते, त्यांना वनजमिनीवरून हटविण्याविषयींचा आदेश दिला. ‘दावा सिद्ध झाला नाहीं’ यावरून ‘हक्क नाहीं’ येथपर्यंतचें अंतर त्या आदेशानें एका पावलांत तोडलें. परंतु १५ दिवसांनींच, २८ फेब्रुवारी रोजीं, न्यायालयानें स्वतःच तो आदेश स्थगित केला, आणि दावे कोणत्या रीतीनें फेटाळले गेले, तें राज्यांनीं प्रतिज्ञापत्रावर सांगावें असें फर्माविलें. हा प्रश्न अगदीं योग्य होता. फेटाळण्यापूर्वीं कोणीं कोठें शोधलें? ज्याला ठाऊक असावयाचें, त्याला विचारलें काय? असतें तर सांपडलें असतें, अशा रीतीनें शोध झाला काय? योग्यतेची जुनी अट जें विचारी, तेंच हे प्रश्न विचारतात.

दीड हजार वर्षांच्या या विचाराचें फलित सांगावयाचें, तर तें दोन वाक्यांत मावतें. बंद जगाचा नियम आणि उघड्या जगाचा तर्क हे एकमेकांचे वैरी नव्हेत. वेळापत्रकाला पहिला हवा, आणि माणसाच्या हक्काला दुसरा. कोणती यादी पूर्ण आहे आणि कोणती नाहीं, हें मात्र यादी स्वतः सांगूं शकत नाहीं. तें तिच्या बाहेर जाऊन, ज्या उतारावर कोणी गेलें नाहीं तेथें जाऊन, पाहावें लागतें. हें काम ग्रामसभेच्या वनहक्क समितीनें शेतावर उभें राहून करावयाचें आहे. आणि तें झाल्यावांचून त्या शेतापुढें ‘नाहीं’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार कोणत्याहि दप्तराला पोंचत नाहीं.